चित्रकलेचा तास आणि ग्रामसभा

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आधी राज्य सरकारने काम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. आमचं गाव डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्याच्या कडेला. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचे हप्ते थकले, आणि ज्यांच्या शेतांत वर्षानुवर्षं खाणीचा चिखल येऊन बसला होता त्यांना वाटलं, आता तरी कुणीतरी आपलं ऐकलं. दोन्ही बाजूंची माणसं एकाच वाड्यावरची होती. त्या वर्षी गावची एकही ग्रामसभा धड पार पडली नाही. एकमेकांच्या घरच्या गोष्टी निघाल्या, माइक ओढला गेला, सरपंचांनी कागद गोळा केले आणि सभा तहकूब झाली असं सांगितलं.

जत्रेच्या नाटकाच्या तालमी मात्र नेहमीसारख्याच सुरू झाल्या. देवळाच्या सभामंडपात, रात्री सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर. भूमिका गणेश चवथीच्या सुमारासच ठरल्या होत्या. बापाचं काम तीन ट्रकांच्या मालकाकडे होतं आणि मुलाचं काम, ज्याच्या भाताच्या शेताची वाट लागली होती त्याच्याकडे. ग्रामसभेत हे दोघे एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नव्हते. तालमीत तसं चालत नाही. समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय आपलं वाक्य सुरू करता येत नाही, कारण आपल्या वाक्याचं टोक त्याच्या शेवटच्या शब्दात अडकलेलं असतं. मी तालीम घेत होतो. पहिले आठ दिवस दोघे एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघून बोलत. नवव्या की दहाव्या रात्री मुलगा बापाच्या पायाशी बसतो तो प्रवेश आला, आणि बघण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

त्यांचं भांडण मिटलं नाही. आजही मिटलेलं नाही. पण जत्रेनंतरच्या ग्रामसभेत ट्रकवाला बोलायला उठला, मागून आरडाओरडा सुरू झाला, आणि तो शेतकरी उभा राहून म्हणाला, ‘ताका उलोवंक दी. मागीर हांव उलयतां.’ त्याला बोलू द्या, मग मी बोलतो. आणि खरंच तो नंतर बोलला, ट्रकवाल्याचा मुद्दा न् मुद्दा खोडून काढत बोलला.

त्या एका वाक्याचा मी अजून विचार करतो. ते त्याला कुठून आलं? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तर नव्हतं. तो आठवीत शाळा सोडून गेलेला माणूस.

लोकशाही म्हणजे काय, असं दहावीच्या मुलाला विचारलं तर तो निवडणूक, बहुमत, मूलभूत हक्क अशी उत्तरं देतो, आणि ती बरोबरही असतात. पण त्या उत्तरात माणूस पाच वर्षांतून एकदा रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि घरी जातो. पुढचं काय? आपल्याच राज्यात २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ च्या सप्टेंबरात आणखी आठ गेले. ज्यांनी त्यांना मत दिलं होतं त्यांना विचारायला कुणी आलं नाही, आणि बहुतेक मतदारसंघांत मतदारांनाही त्यांना बोलावून समोर बसवावं असं वाटलं नाही. मत देणं आपल्याला येतं. मत दिल्यानंतरचं सगळं अजून शिकायचं राहिलं आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी हेच बजावलं होतं. घटनेनुसार वागण्याची नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं ते म्हणाले. भारतातली लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीला न मानणाऱ्या जमिनीवर वरून घातलेला थर आहे, हेही त्याच भाषणातलं. शेती करणाऱ्याला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. वरून घातलेलं खत पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातं. मग जोपासायची ती नीती कुठे जोपासायची? कोणत्या वयात, कोणत्या जागी, शाळेच्या कोणत्या तासाला?

माझं उत्तर तीस वर्षांच्या मास्तरकीतून आलेलं आहे. मी हायस्कुलात चित्रकला शिकवत असे. दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला मी वर्गाच्या मधोमध एक घुमट ठेवायचो. घुमट म्हणजे आपल्या गोव्याचं मातीचं वाद्य. डिचोलीचे कुंभार मडकं घडवतात, एक तोंड मोठं, दुसरं लहान. मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत, आता कायद्याने ते बंद आहे म्हणून बकरीचं. बाकं भिंतीला लावायची, मुलांना गोल बसवायचं आणि सांगायचं, आपल्या जागेवरून दिसतं ते काढ.

चाळीस मुलांची चाळीस चित्रं वेगवेगळी व्हायला हवीत. पहिल्या दिवशी तशी ती होत नसत. हुशार म्हणून नाव असलेल्या मुलाने कातड्याची बाजू काढली की आजूबाजूची पाच-सहा मुलं आपलं खोडून त्याच्यासारखं काढत. त्यांच्या जागेवरून कातडं दिसतच नसे, त्यांच्यासमोर मडक्याचं नुसतं गोल पोट असे. पण पहिल्या नंबरच्या मुलाला दिसलं म्हणजे ते खरं, आणि आपल्याला दिसतं ते चुकीचं, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलेलं असे. मग प्रश्न यायचा, ‘सर, त्याचं बरोबर की माझं?’

मी म्हणायचो, दोघांचंही बरोबर असू शकतं. आता ऊठ आणि त्याच्या जागेवर जाऊन बस.

ते जाऊन बसण्याचं क्षणभराचं काम मला सगळ्या अभ्यासक्रमाहून मोठं वाटत आलं आहे. मूल तिथे बसतं, बघतं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. वस्तू तीच आहे, खोटं कुणीच बोलत नव्हतं, तरी दिसलं निराळं. पण एवढ्यावर हा धडा संपत नाही, आणि इथे मला आजच्या काही विद्वानांशी भांडायचं आहे. प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं, असं हल्ली सर्रास बोललं जातं. माझ्या वर्गात ते चालत नसे. ज्याच्या जागेवरून घुमटाची दोरी दिसत नाही आणि तरी ज्याने दोरी काढली आहे त्याचं चित्र चुकलेलं आहे. त्याने बघितलं नाही, ऐकीव काढलं. निरनिराळ्या जागा मान्य करायच्या आणि तरीही खरं-खोटं सोडायचं नाही, हे लोकशाहीतलं सगळ्यात अवघड काम आहे. मोठमोठ्या सभागृहांतल्या माणसांना ते जमत नाही. आठवीच्या मुलाला पेन्सिल हातात दिली तर चार महिन्यांत जमायला लागतं.

पुढे त्याच शाळेत नववी-दहावीचा चित्रकलेचा तास गणिताला गेला. आधी परीक्षेपुरता, मग पहिल्या सत्रापासून. पालकसभेत मी विषय काढला तेव्हा एक वडील उठून अगदी कळकळीने म्हणाले, ‘मास्तर, चित्रं काढून पोट भरतं का?’ त्यांची मुलगी चांगली काढायची. त्यांना माझा राग नव्हता, तिच्या भविष्याची चिंता होती. त्या प्रश्नाला मी तेव्हा काहीच उत्तर देऊ शकलो नाही याची खंत मला आजही आहे.

आज उत्तर द्यायचं तर मी म्हणेन, प्रश्नच बदलायला हवा. मातृभाषेचं व्याकरण शिकवताना मूल पुढे लेखक होईल का, असं आपण विचारत नाही. धावण्याच्या शर्यतीत उतरवताना ते ऑलिंपिकला जाईल का, असं विचारत नाही. मग कला शिकवतानाच कलाकार होण्याची अट का? कलाकार घडवायला गोव्यात संस्था आहेत. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचं गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे, कला अकादमी त्याच्याही आधीची, १९७० ची. त्यांचं काम त्या करोत. मी बोलतो आहे ते उरलेल्या सगळ्यांबद्दल. जी मुलं पुढे वायरमन होतील, बँकेत बसतील, काजूच्या बागा बघतील, पंच म्हणून निवडून येतील, त्यांच्याबद्दल.

गोव्यात कला ठासून भरली आहे, इथे आणखी कसलं कलाशिक्षण हवं, असं एक म्हणणं असतं. वरवर ते पटतं. आपल्याकडे नाट्यस्पर्धा आहेत, भजनस्पर्धा आहेत, घुमट आरती, फुगडी, दिवाळीत नरकासुर, आकाशकंदील, सगळ्यांच्या स्पर्धा आहेत. मी स्वतः कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरलो आहे आणि त्या स्पर्धेने खेड्यापाड्यांतून किती नट-दिग्दर्शक वर काढले हे जवळून पाहिलं आहे. मोठ्यांच्या जगात स्पर्धेने पुष्कळ दिलं. शाळेत मात्र स्पर्धेने शिकवणं खाऊन टाकलं. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस बाहेरून नाच बसवणारा येतो, दिसायला बरी आणि चटकन शिकणारी दहा मुलं निवडतो, उरलेली चारशे प्रेक्षक होतात. चित्राच्या स्पर्धेला ठरलेले विषय, ठरलेले रंग. माड, समुद्र, होडी, मागे देऊळ नाही तर इगर्ज, म्हणजे चर्च. गोव्याच्या डोंगरात वाढलेलं, समुद्र वर्षातून एकदा बघणारं मूलही बक्षिसासाठी समुद्रच काढतं. त्याच्या जागेवरून जे दिसतं ते कुणाला नकोच असतं.

आपल्यावर ज्यांनी राज्य केलं त्यांचंच एक उदाहरण मला इथे आठवतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला कलेचं वावडं नव्हतं. उलट तिने प्रचारासाठी खास खातं काढलं, लोकनृत्यं, लोकवेश, लोकसंगीत यांना उत्तेजन दिलं. १९३८ साली पोर्तुगालमध्ये त्या खात्याने ‘सगळ्यांत पोर्तुगीज गाव कोणतं’ अशी स्पर्धा घेतली आणि मोन्सांतु नावाच्या डोंगरातल्या गावाला चांदीचा कोंबडा बक्षीस दिला. गाव सुंदर आहे म्हणतात. पण त्याच राजवटीत इथे छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जाई आणि जाहीर सभेवर बंदी होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भाषणाला उभे राहिले आणि त्यांना धरून नेलं. माझे वडील सांगत की जत्रेच्या नाटकाचं पुस्तकसुद्धा आधी कचेरीत दाखवून आणावं लागे. नाचायला परवानगी, बोलायला नाही.

म्हणून कलाशिक्षणाने आपोआप लोकशाही येते, असं मी म्हणणार नाही. हुकूमशहांनाही शिस्तीत नाचणारी मुलं आवडतात. सगळा फरक कला कशी शिकवली जाते यात आहे. नमुना समोर ठेवून तसंच काढायला, तसंच नाचायला लावलं तर आपण आज्ञाधारक माणसं तयार करतो. मधे घुमट ठेवून आपापल्या जागेवरून बघायला लावलं तर दुसरं काहीतरी घडतं.

हे दुसरं काहीतरी फार जुनं आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या जन्माची कथा आहे. चार वेद शूद्रांना ऐकता येत नाहीत, तेव्हा सगळ्या वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण करा, अशी मागणी ब्रह्मदेवाकडे होते, आणि नाट्यवेद जन्माला येतो. त्यासाठी तिथे वापरलेला शब्द ‘सार्ववर्णिक’ असा आहे. पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पहिलाच प्रयोग देवांच्या विजयाचा होता. दैत्य चिडले, त्यांनी प्रयोग बंद पाडला. आधी इंद्राने ध्वजाच्या काठीने त्यांना झोडपलं, तरी त्रास थांबला नाही. मग ब्रह्मदेव त्यांच्याशी बोलतो, त्यांची समजूत काढतो, सांगतो की यात एकट्या देवांचं किंवा एकट्या तुमचं काही नाही, तिन्ही लोकांच्या भावांचं हे अनुकीर्तन, म्हणजे पुन्हा घडवून दाखवणं आहे. म्हणजे रंगभूमीवरची पहिली निषेधाची आरोळी आणि तिला शब्दांनी दिलेलं पहिलं उत्तर, दोन्ही आपल्याच परंपरेत नोंदलेली आहेत. आज एखाद्या नाटकावरून, चित्रावरून कुणाच्या भावना दुखावल्या की हातात दगड घेतले जातात. आपण ब्रह्मदेवाच्या बाजूचे आहोत की दगडवाल्यांच्या, हे शाळेतच ठरत असतं.

ग्रीकांच्या अथेन्समध्ये लोकशाही आणि नाटक शेजारी-शेजारी वाढलं हे सर्वांना माहीत आहे. तिथला एकच प्रसंग सांगतो. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणच्या बादशहाने अथेन्स जाळलं, आणि त्याच वर्षी सालामिसच्या समुद्रात ग्रीकांनी त्याचं आरमार बुडवलं. आठ वर्षांनी एस्किलसने त्या लढाईवर नाटक केलं. स्वतः लढलेली माणसं प्रेक्षकांत बसलेली. आणि नाटक घडतं कुठे, तर इराणच्या राजवाड्यात. आपल्या मुलाची वाट बघणारी शत्रूची राणी, मेलेल्या सरदारांची नावं घेऊन रडणारे म्हातारे. ते म्हातारे झाले होते अथेन्सचे नागरिकच. ज्यांनी आपलं शहर जाळलं त्यांचा शोक आपल्या तोंडाने करायचा, आणि त्या नाटकाला पहिलं बक्षीस द्यायचं. त्या लोकशाहीत बायकांना मत नव्हतं, गुलाम होते, सगळं मान्य. तरी हे एक काम त्यांनी केलं, आणि आमच्या सभामंडपात बापाच्या पायाशी बसलेला तो शेतकरी मला त्या म्हाताऱ्यांचा दूरचा नातलग वाटतो.

आपल्या मांडावरही, म्हणजे गावच्या खेळ-गाण्यांच्या ठरलेल्या जागेवरही, हे आहे. पौषातल्या चांदण्यात बायका धालो खेळतात. समोरासमोर दोन रांगा, एक रांग गात वाकत पुढे येते, मागे सरते, मग दुसरी येते. एका रांगेने गायचं तेव्हा दुसरीने ऐकायचं, आणि ऐकलेलं उचलून पुढे न्यायचं. लहानपणी आत्याचं बोट धरून मी मांडाच्या कडेला बसायचो. विधानसभेत दोन बाजू समोरासमोर बसवतात, ते पाहिलं की मला अजूनही धालोच्या रांगा आठवतात.

पण मांड म्हणजे स्वर्ग नव्हता. माझ्या आत्याला गावातली सगळी गाणी पाठ होती. ती विधवा झाली आणि पुढच्या पौषात आमच्या गावच्या रांगेत तिला जागा राहिली नाही. ती कडेला उभी राहायची आणि ओठ हलवत असायची. आवाज नाही, नुसते ओठ. कुणी दुष्ट नव्हतं, सगळ्या तिच्या मैत्रिणीच होत्या, रीतच तशी होती. आणि गोव्याचा कलेचा इतिहास लिहायचा तर ज्या कलावंत समाजातल्या बायकांनी देवळांतून संगीत जिवंत ठेवलं, ज्या समाजातून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर उभ्या राहिल्या, त्या समाजाला गावाने काय मान दिला तेही लिहावं लागेल. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. त्यांचा स्वर सूर्यमालेच्या पलीकडे पोचला, आणि अशा किती गाणाऱ्या बायकांना गावात ओसरीच्या पलीकडे जागा नव्हती.

म्हणूनच मला कला शाळेत हवी आहे, नुसती मांडावर नको. मांडाला रीत असते, कुणाला घ्यायचं, कुणाला कडेला उभं करायचं हे आधीच ठरलेलं असतं. शाळेच्या हजेरीपटावर सगळ्यांची नावं असतात. मांडावरचं शहाणपण आणि हजेरीपटाची समता एकत्र आली तर माझ्या आत्यासारखं कुणाला नुसते ओठ हलवत उभं राहावं लागणार नाही.

आता थोडं आपल्या, म्हणजे मराठीवाल्यांच्या घरचं. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश म्हणून राहायचं तर दोन पानं. आमच्या घरची सगळी मतं फुलाला पडली. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांनी आम्ही हरलो. वडील त्या रात्री जेवले नाहीत असं आई सांगायची. आणि त्या लढाईत आमच्या विरुद्ध बाजूचं दैनिक ‘राष्ट्रमत’ हे मराठीच होतं. विलीन होऊ नका, हे मराठीतूनच सांगितलं जात होतं. भाषा कुणा एका पक्षाच्या मालकीची नसते हे गोव्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसलं असेल. त्या मार्चात शिगमो झाला, पुढे जत्रा आली, नाटक मराठीतच झालं. हरलेली आणि जिंकलेली माणसं एकाच पडद्यामागे रंग लावून बसली. घरी कोकणी बोलणारी, रंगमंचावर मराठी बोलणारी.

असं असूनही डिसेंबर १९८६ मध्ये कोकणी की मराठी या भाषेच्या प्रश्नावर याच गोव्यात रक्त सांडलं, माणसं गेली. कलेने भरलेली भूमी तेव्हा कमी पडली, हे मान्य करायलाच हवं. का कमी पडली? मला वाटतं, आपले मंच वेगवेगळे राहिले म्हणून. तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, बघणारा मराठी नाटकाला येत नव्हता आणि आम्ही तियात्राला जात नव्हतो. चालू सरकारचे वाभाडे नाव घेऊन गाण्यातून काढण्याची तियात्राची रीत केवढी मोठी लोकशाहीची शाळा आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं, जेव्हा एका सहकारी शिक्षकाने हट्टाने मडगावला नेलं. चाळीस वर्षं मी माझ्याच राज्यातली एक अख्खी रंगभूमी पाहिली नव्हती. आणि घुमट तर दोन्हीकडे आहे. हिंदूंच्या आरतीत तोच वाजतो, ख्रिस्ती घरांतल्या मांडो या गीतप्रकारातही तोच वाजतो. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. सत्तरी तालुक्यातल्या मुलाने मांडोचा ठेका आणि सासष्टी तालुक्यातल्या मुलाने आरतीचा ठेका एकाच घुमटावर वाजवून बघितला आहे, अशी एक तरी पिढी आपण घडवली का?

धोरणं कमी नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सर्वांसाठी विषय असावा असं म्हटलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं म्हटलं. कागदावर हे दोनदा होऊन गेलं. तासिकांच्या तक्त्यात ते उतरत नाही, कारण माणूसच नेमलेला नसतो. आपल्या कित्येक सरकारी मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळा एका शिक्षकावर चालतात. तोच शिकवतो, तोच माध्यान्ह आहाराचा हिशेब ठेवतो. त्याने कला कधी शिकवायची?

२०२३ च्या जुलैत पणजीत कांपालला कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं तेव्हा सारा गोवा हळहळला. चार्ल्स कोरियांनी उभी केलेली ती वास्तू, आमच्या पिढीचं दुसरं घर. कलाकारांनी ‘कला राखण मांड’ म्हणून एकत्र येऊन सरकारला जाब विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. पण गावच्या शाळेत चित्रकलेचा तास कोसळतो तेव्हा आवाज होत नाही. त्या इमारतीत उद्या कोण बसणार आहे, याचा विचार आपण इमारतीइतका तरी करायला हवा.

मला सुचतं ते साधं आहे. प्राथमिक शाळेत आठवड्यातून दोनदा गावातलीच माणसं यावीत. घुमट वाजवणारा, धालोची गाणी येणारी, गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट बांधणारा, इगर्जीत व्हायोलिन शिकवणारा. त्यांना मानधन मिळावं, आणि ते वेळेवर मिळावं. आठवीपर्यंत कलेला गुण देऊ नयेत, एक वही असावी आणि ती मुलाने वर्षभर सांभाळावी. हायस्कुलात प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा तरी एखाद्या नाटकात काहीतरी करावं, पडदा ओढण्याचं काम असलं तरी चालेल. पडदा ओढणाऱ्यालाही सगळं नाटक पाठ असावं लागतं. निवड करायची नाही, सगळ्यांना घ्यायचं, ही माझी एकच हट्टाची अट आहे. निवड सुरू झाली की पुन्हा दहा मुलं रंगमंचावर आणि चारशे खाली.

लोक म्हणतील, याने ग्रामसभेतली भांडणं थांबतील का? थांबू नयेतच. मला भांडणं नको आहेत असं नाही. माझ्या गावच्या शेताचा आणि ट्रकचा प्रश्न खरा आहे, त्यावर भांडायलाच हवं. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा ती जखम पुन्हा उघडली. मला फक्त एवढं हवं आहे की भांडणाऱ्याला समोरच्याचं वाक्य पुरं ऐकू यावं.

येत्या ग्रामसभेसाठी मी पंचायतीकडे लेखी अर्ज दिला आहे. पंचायतीचं सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेतल्या मुलांच्या तालमीसाठी मोफत उघडं ठेवावं, असा ठराव घ्यावा. ट्रकवाला म्हणाला, मी अनुमोदन देतो. शेतकरी म्हणाला, ठराव बरा आहे, पण विजेचं बिल कोण भरणार ते आधी लिहा, नाहीतर मी विरोधात बोलेन. अर्ज परत घेऊन मी त्यात बिलाचा मजकूर घातला आहे. रविवारी दहा वाजता सभा आहे.